स्टेअरिंग हलवायला एक माणूस

मोटारीच्या सगळ्या दुरुस्त्या एकट्यानं होतात, एक सोडून. टायर काढा, ग्रीस भरा, इंजिन उघडा, एकटा माणूस रेटून नेतो. पण स्टेअरिंग ढिलं झालं की दोन माणसं लागतातच. एकानं वर बसून ते डावीउजवीकडं हलवत राहायचं आणि दुसऱ्यानं खाली उताणं पडून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. जिथं हाताला खट्ट लागतं, तिथं रोग. परभणीला निजामाच्या अमलात गॅरेजातल्या माझ्या उस्तादांनी मला हे शिकवलं. तेव्हा उस्ताद खाली आणि मी वर असायचो. पुढं येलदरीला मी खाली गेलो, तर वर बसायला माणूस नव्हतं.

पूर्णेवर धरणाचं काम नुकतंच लागलं होतं आणि मी एका गुत्तेदाराकडं, म्हणजे कंत्राटदाराकडं, डायवर होतो. गाडी म्हणजे लढाईत वापरून मोडीत काढलेला, मागं उघडा हौदा असलेला छोटा ट्रक. नदीच्या पात्रातले धोंडे तिच्या पोटाला घासायचे. मीच शहाणा, गुत्तेदाराला म्हणालो, उंच करून टाकू. चाकांवरच्या स्प्रिंगांच्या पाट्यांमध्ये दोन-दोन जादा पाटे घातले, पाट्यांची मागची टोकं ज्यांत अडकतात त्या कड्या लांब करून घेतल्या आणि गाडी चांगली वीतभर उंच झाली. काय तो रुबाब! चार दिवस मी मिशीला पीळ देत फिरलो. पाचव्या दिवसापासून ती रस्त्यावर डुलायला लागली. स्टेअरिंग अर्धं फिरवावं तेव्हा कुठं चाकाला खबर लागायची, आणि सरळ रस्त्यावरही ती कधी डावीकडं जायची, कधी उजवीकडं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

त्यातच क्लीनर हिवतापानं गावी गेला तो परत आलाच नाही. बाकी डायवर आपापल्या गाड्यांत. शिवाय माझं तोंड असं की कुणाला मदत मागायची सोयच ठेवली नव्हती मी.

घरात एक माणूस होतं. माझी बायको. लग्नाला तीन महिने झाले होते. मला आईबाप नव्हते. मावशीनं सांभाळलं, मावशीनंच लग्न जमवलं आणि लग्नानंतर महिन्याभरात तीही गेली. बायको गंगाखेडच्या अलीकडची, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठच्या गावातली. चौदा माणसांचं घर तिचं, सकाळी चुलीपाशी तीन बायकांचा कालवा. आणि मी तिला आणलं कुठं, तर माळावरच्या पत्र्याच्या खोलीत. शेजारच्या खोल्यांत सगळी गडीमाणसं. कामावरच्या बाया उजाडताच खडी वाहायला जायच्या, त्या दिवस बुडताना परत. मी येऊन भाकरी खायचो आणि पाठ टेकायचो. बोलायचं काय असतं हे मला खरंच ठाऊक नव्हतं. इंजिनाशी बोलत मोठा झालेला माणूस मी. ती दिवसभर वारा ऐकत बसत असणार, हे मला आज कळतं, तेव्हा डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "मला चार दिवस माहेराला सोडा."

मी म्हणालो, "गाडी नीट झाली की नेतो."

खोटं कशाला बोलू, मला भीती होती. एकदा त्या चौदा माणसांत गेली की या पत्र्याखाली कशाला परत येईल? मी असतो तर मी आलो नसतो. म्हणून गाडीची सबब मला बरी सापडली. ती रोज विचारायची नाही, पण मी घरी आलो की आधी गाडीकडं बघायची.

मग एक दिवस जिंतूरच्या रस्त्यावर गाडी सरळ मेंढरांच्या कळपात घुसली. ब्रेक लागला म्हणून निभावलं. एक कोकरू चाकापासून चार बोटांवर राहिलं. धनगर काठी आपटत आला.

"अवं डायवर, दारू पिलाव का काय? रस्ता हितं हाय, तुमी कुनीकडं चाललाव?"

मीही त्याच्यावर ओरडलो. चूक माझी असली की माझा आवाज जास्तच चढतो. पण हौद्यात वीस मजूर बसले होते, त्यांचे चेहरे पांढरेफटक पडले होते. गुत्तेदारानं ऐकलं आणि सांगितलं, गाडी नीट होईस्तोवर एकही माणूस हौद्यात बसायचं नाही. आता टाळण्यात अर्थ नव्हता. दिवस कलताना मी गाडी खोलीसमोर लावली आणि दारातून म्हणालो, "जरा वर बसतीस का?"

ती पदर खोचून आली. एवढ्या उंच गाडीत चढायचं कसं, म्हणून मी डबा पालथा घातला. तिनं स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं ते असं, की जात्याचा खुंटाच धरलाय.

मी खाली सरकलो. "हालव."

"अशी?"

"जोरानं नको. डावीकडं, उजवीकडं. हां."

ती हलवत राहिली आणि मी सांध्यावर हात ठेवून पडलो. दोघांच्या मध्ये गाडीचा पत्रा. काय झालं कुणास ठाऊक, पण तोंड दिसत नसलं की माणूस बोलतं. थोड्या वेळानं वरून आवाज आला, "तुमाला तिखट लय लागतं का हो? भाजी तशीच ऱ्हाते रोज." मी म्हणालो, तिखट नाही, मीठ कमी असतं. "मग सांगायचं न्हाई का, तीन महिने झाले!" आणि ती हसली. माझ्या घरात हसण्याचा आवाज तो पहिला.

दुसऱ्या दिवशी मी पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकांचे झिजलेले सांधे बदलले. फरक पडला, पण ढिलाई गेली नाही. पुन्हा ती वर, मी खाली. तिनं तिच्या धाकट्या भावांच्या गोष्टी सांगितल्या. पुराच्या दिवसांत गंगेचं पाणी देवळाच्या पायरीला लागतं तेव्हा सगळं गाव बघायला जातं, ते सांगितलं. मी मावशीचं सांगितलं. मावशी गेल्यापासून मी तिचं नावही काढलं नव्हतं. उताणा पडून, डोळ्यात माती जात असताना, मी मावशीचं सांगत होतो आणि वरून हळूहळू स्टेअरिंग हलत होतं.

तिसऱ्या दिवशी मला रोग सापडला. स्टेअरिंगचा दांडा खाली ज्या लोखंडी डब्यात उतरतो, तो डबा गाडीच्या सांगाड्याला चार बोल्टांनी आवळलेला असतो. त्यातले दोन नट ढिले होते. गाडी उंच केल्यापासून त्याच्यावर ओढ जास्त पडायची. आधी डबाच हलायचा, मग चाक. पान्याचं काम, अर्ध्या तासाचं.

मी पाना उचलला आणि परत खाली ठेवला. गाडी नीट झाली तर ती जाणार. आणि नीट झाली नाही तर? तर उद्या दिवस कलताना ती परत वर बसणार. मी म्हणालो, "कळंना बुवा. उद्या बघू." आणखी चार दिवस मी खाली पडून नसलेला रोग शोधत राहिलो. गुत्तेदार शिव्या घालत होता, मजूर कोसभर पायी जात होते, आणि मी तिला विचारत होतो, तुमच्याकडं ज्वारीचा हुरडा कुठल्या शेतात चांगला लागतो.

सातव्या दिवशी वरून प्रश्न आला, "ऐकलं का? हितं पायाखालची फळी निघालीय, तिथून दिसायलंय. तो डबाच हालायलाय की. चार दिवस झाले मला दिसायलंय. तुमाला न्हाई दिसलं?"

काय उत्तर द्यायचं होतं मी? खरं होतं तेच द्यायचं होतं, की दिसलं, पण तू जाशील म्हणून गप्प बसलो. तेवढं वाक्य बोललो असतो तर माझं पुढचं अर्धं वर्ष वाचलं असतं. पण चोरी उघडी पडली की मला राग येतो. मी गाडीखालून ओरडलो, "तू मला मोटार शिकवती का? उतर खाली!" ती उतरली. मी दोन्ही नट असे आवळले की पाना हातातून निसटून बोटं सोलली. चार दिवस तिलाही दिसत होतं आणि तीही गप्प बसून स्टेअरिंग हलवत होती, याचा अर्थ माझ्या टाळक्यात तेव्हा शिरला नाही.

ढिलाई गेली, डुलणं राहिलंच. ते उंच करण्याचं पाप. पुढच्या चाकांचा कणा वरच्या बाजूनं किंचित मागं कललेला असावा लागतो, तेव्हा वळलेली चाकं आपोआप सरळ होतात. माझ्या लांब कड्यांनी तो पुढं कलला होता. लोहाराकडून दोन लोखंडी पाचरी घडवून पाटे आणि कणा यांच्यामध्ये ठोकल्या. रागात उलट्या ठोकल्या, जाड बाजू पुढं. गाडी फर्लांगभर गेली आणि ज्वारीत शिरली. परत काढल्या, जाड बाजू मागं करून बसवल्या. मग सपाट रस्त्यावर मी स्टेअरिंग सोडून दिलं, आणि गाडी दोरी लावल्यासारखी सरळ गेली. एरवी मी आनंदानं ओरडलो असतो.

घरी आलो तर ती दारात उभी होती. मीच म्हणालो, "उद्या निघू."

परभणीला सामान आणायचं होतं, त्यातच पुढं तिच्या गावापर्यंत गेलो. दारात तिची आई, चुलत्या, भाऊ, सगळा गोतावळा धावून आला. ती त्यांच्यातून मागं वळून मला म्हणाली, "कधी येता न्यायला?"

मी म्हणालो, "बघू."

आमच्याकडं माहेरी गेलेली लेक सासरचं माणूस न्यायला आल्याशिवाय पाठवत नाहीत. त्या माणसाला मुराळी म्हणतात. दीर असो, सासरा असो, सासू असो, कुणीतरी लागतं. माझ्याकडं पाठवायला कुणी होतं का? कुणी नव्हतं. मग मीच जायचं? जावई आपणहून बायको न्यायला गेला की गाव हसतं, म्हणतं, बायकोवाचून राहवेना गड्याला. मला वाटलं, त्यांना ठाऊक आहे माझं कुणी नाही, तेच आणून सोडतील. त्यांना वाटलं, मी येईन. दिवाळी गेली, संक्रांत गेली. त्यांचा निरोप नाही म्हणून मी चिडून बसलो. सुंभ जळतो, पीळ जात नाही, तसला माणूस मी. मनाशी म्हणालो, बघा, यायचंच नव्हतं तिला, मला आधीच ठाऊक होतं.

भाकरी मीच थापायचो. एका भाकरीचं पीठ मळायला बसलो की ते मळणंसुद्धा नको वाटायचं. पत्रा उन्हानं कडकड वाजायचा तो ऐकत बसायचो. कामावर गाडीची सगळे तारीफ करायचे, डायवर, काय सरळ चालती हो! मी त्यांच्या अंगावर जायचो.

एक दिवस ग्रीस भरायला गाडीखाली पडलो होतो. हात सांध्यावर गेला आणि तोंडातून निघून गेलं, "हालव." मोठ्यानं म्हणालो मी, कुणी ऐकावं असं. वर कुणी नव्हतं. किती वेळ पडलो होतो सांगता येत नाही. उठलो ते हात पुसले आणि गुत्तेदाराला न विचारता गाडी काढली.

दुपारी पोचलो. ती अंगणात नव्हती. सासूबाई बाहेर आल्या, बसा म्हणाल्या नाहीत.

"आठव्या दिवशीच गाठोडं बांधून ठिवलं तिनं," त्या म्हणाल्या. "मोटारीचा आवाज आला की दारात जायची. आता तर लोकं आमाला विचारायलेत, पोर टाकली का जावयानं."

मला गाव हसेल म्हणून मी आलो नव्हतो. आणि इथं गाव तिला टाकलेली म्हणत होतं.

ती आतून आली, हातात गाठोडं. खांद्यांत रोडावली होती. कुणाच्या पाया पडायचं, कुणाला काय सांगायचं, सगळं तिनं केलं आणि गाडीत चढली. गाव मागं पडलं, बरंच मागं पडलं, तेव्हा समोर बघतच तिनं विचारलं, "एकट्याला करमलं का?"

"न्हाई," मी म्हणालो. "लय वाईट गेलं. एक दिवस बरा गेला न्हाई."

"मग तोंड कुठं गहाण टाकलं व्हतं?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "मला सगळे विचारायचे. मी सांगायचे, कामावरून सोडीनात त्यान्ला, लय भरवसा हाय त्यान्च्यावर साहेबाचा. रोज एक खोटं सांगायचे मी तुमच्यासाठी."

परभणीच्या बाजाराचा दिवस होता. रस्त्यानं बैलगाड्या चालल्या होत्या, बाया, गडी, ओळखीचे, अनोळखी. मी गाडी बाजूला घेतली, आणि सगळे बघत असताना तिच्यासमोर हमसून हमसून रडलो.