मांडी घालून ऐकलेला डान्स अल्बम

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका छोट्या पेपरात माझ्या लेकीला पहिलंवहिलं परीक्षण लिहायला मिळालं, तेही एका प्रसिद्ध पॉप गायिकेच्या डान्स अल्बमचं. जमलं तर पुढची कामं, नाहीतर राम राम. लंडनच्या मोठमोठ्या समीक्षकांनी अल्बम आधीच धुऊन काढला होता. पोकळ, एकसुरी, तेच ते. हिला मात्र तो जाम आवडलेला. शनिवारी सकाळी हेडफोन घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, तुला गाण्यातलं कळतं, ऐकून खरं काय ते सांग.

कळतं म्हणजे काय, कळतंच! पुण्यात पंधरा वर्षं गाणं शिकलेली बाई मी. लिव्हिंग रूममध्ये सतरंजी घातली, मांडी घातली, डोळे मिटले आणि हाताने मात्रा मोजत अख्खा अल्बम ऐकला. ना आलाप, ना विस्तार. चार मात्रांचं दळण आपलं चालूच. मी सांगून टाकलं, समीक्षकांचं बरोबर आहे, यात काही दम नाही. तिचं तोंड एवढंसं झालं. मग लिहिलेलं बदलते म्हणाली आणि वर निघून गेली. पाचच्या आत पाठवायचं होतं.

दुपारी पोळ्या करताना तोच अल्बम लावला. खरं सांगायचं तर आणखी चुका काढायला. तिसऱ्या गाण्याला हातातलं लाटणं थांबलं आणि पाय हलायला लागले. अगं बाई! सकाळी ज्या जागा मला रिकाम्या वाटल्या, तिथे बरोब्बर माझं पाऊल पडत होतं. त्या गायिकेने त्या जागा नाचणाऱ्यासाठी मुद्दाम मोकळ्या ठेवल्या होत्या. एवढी वर्षं गाणं ऐकलं, पण कुठल्या गाण्याने मला असं ओढून नाचवलं नव्हतं. तव्यावर पोळी करपली तरी मला भान नव्हतं.

घड्याळ बघितलं तर पावणेपाच. पिठाच्या हातांनी धापा टाकत जिना चढले. माझं साफ चुकलं, तुझं होतं तसंच ठेव, म्हटलं.

"ते केव्हाच गेलं, आई," ती म्हणाली. "बदलायला बसले, पण जमेना. तू बसून ऐकलंस. मी नाचून ऐकलं होतं. मग माझंच पाठवलं."

सगळ्यांच्या विरुद्ध लिहिताना भीती नाही वाटली का, मी विचारलं. खूप वाटली, म्हणाली, अजूनही वाटतेय. आणि पुन्हा लॅपटॉपकडे वळली.

मी दारातच उभी. काय पोर आहे ही! पंधरा वर्षांत मला माझ्या गुरूंपेक्षा वेगळं कितीदा तरी वाटलं असेल. एकदाही तोंड उघडलं नव्हतं मी.