मामेबहिणीची लिंक

मला तिचा राग यायचा, असं मी लोकांना सांगते. राग कसला डोंबलाचा! जळायचे मी तिच्यावर. राग आला की निदान चार शब्द बोलून मोकळं होता येतं. जळणाऱ्या बाईला तेवढीही सोय नसते, वरून हसत ‘छान झालंय हं’ म्हणावं लागतं.

ती म्हणजे माझी मामेबहीण. धुळ्याकडून कॉम्प्युटरची पदवी घेऊन सुरतेला आली आणि आमच्या लिंबायतच्या घरात राहायला लागली. तिला आमच्या ऑफिसात चिकटवली मीच. माय रोज मागे लागायची, ‘मना भाऊनी पोर शे ती, तुना सायेबले सांगी दे.’ सांगितलं सरांना. मग दोघी एकाच रिक्षात ऑफिसला, दुपारी एकाच डब्यातली भाजी, संध्याकाळी परत एकाच रिक्षात. जिच्यावर जळतोय तिच्या मांडीला मांडी लावून बसायचं, म्हणजे काय असतं ते मला विचारा.

आमचं ऑफिस लहानच. कापडाच्या व्यापाऱ्यांना वेबसाइट करून द्यायचं काम. मी ते जुन्या पद्धतीनं शिकलेली. बोट लावलं की मागणी सर्व्हरकडे जाणार, तिथून अख्खं पान नव्यानं येणार, मधे क्षणभर स्क्रीन पांढरी पडणार. आमचे वडील लूमवर होते तेव्हापासून घराला माझा हातभार लागला तो या पांढऱ्या पडणाऱ्या स्क्रीनवरच. त्यात काही वाईट आहे असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग रिंग रोडच्या मार्केटातल्या एका मोठ्या साडीवाल्या शेठचं काम आलं. त्याला मोबाइलवर साड्यांचा कॅटलॉग हवा होता. सर म्हणाले, ‘ये सेठजी के पास जिसका काम पास होगा, वही टीम लीड.’ शेठच्या भावांची, साल्यांची दुकानं मार्केटभर. ते सगळं काम मागोमाग येणार आणि ते लीडच सांभाळणार. ऑफिसात एसी नव्हता तेव्हापासून मी त्या जागेकडे डोळे लावून बसले होते. ती माझीच, हे मी धरूनच चालले होते. पण सरांनी वाटणी केली. सर्व्हर माझ्याकडे. आणि शेठच्या डोळ्यांना दिसणार तो भाग तिच्याकडे!

तिनं जे केलं ते पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. साडीवर बोट लावलं की साडी समोर. स्क्रीन पांढरी नाही, वाट बघणं नाही. वर ब्राउझरच्या पट्टीत लिंकचा पत्ता बदलायचा, प्रत्येक साडीला तिचा स्वतःचा पत्ता, पण सर्व्हरकडे पानासाठी जाणं म्हणून नाही. ती म्हणाली, ‘ताई, पान एकच आहे. एकदा आलं की आलं. पुढे कुठल्या पत्त्यावर काय दाखवायचं ते ब्राउझरमधेच ठरतं.’ जणू मी काल जन्मले होते. 

मी खोट काढायला बसले. बॅकचं बटण दाबदाब दाबलं. म्हटलं, अशा ॲपमधे बॅक दाबलं की माणूस सरळ बाहेर फेकला जातो, हिचंही तेच होणार. कुठलं काय! मेलं ॲप बरोबर आधीच्या यादीवर येऊन थांबायचं, तेसुद्धा यादीच्या सुरुवातीला नाही, ज्या साडीवरून गेले होते त्याच साडीपाशी. सर मागे उभे राहून बघत होते. ‘वाह बेटा,’ म्हणाले. मला त्यांनी आजवर बेटा म्हटलेलं नाही. मी ‘छान झालंय हं’ म्हटलं आणि पाणी प्यायला उठले.

घरीही तेच. वडील जेवताना म्हणायचे, ‘पोर हुशार शे.’ माय तिला आग्रहानं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढायची, वर तेलाची धार. कळणा दळून मी आणायची, आणि भाकरी थापायचीही मीच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं मनात म्हणत मी तव्यावरची भाकरी उलटायची.

शेठला दाखवायच्या दिवशी सर, ती आणि मी असे तिघं मार्केटात गेलो. पांढऱ्या गादीवर शेठ बसलेले, हातात फोन. तिनं सगळं फिरवून दाखवलं. शेठ खूश. एक लेसवाली जॉर्जेट त्यांना आवडली, दोनदा झूम करून पाहिली. सर माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून हसले, तेव्हा मी समजले की जागा गेली.

आणि मग शेठनं ते केलं जे सुरतच्या मार्केटात प्रत्येक व्यापारी दिवसभर करत असतो. इथे कुणी गिऱ्हाइकाला ‘आमचा कॅटलॉग बघा’ म्हणून दारातून आत आणत बसत नाही. एक डिझाइन उचलायचं आणि फॉरवर्ड करायचं, की लगेच फोन. शेठनं त्या जॉर्जेटचा वरचा पत्ता कॉपी केला, नागपूरच्या त्यांच्या व्यापाऱ्याला पाठवला आणि फोन स्पीकरवर टाकला. 

‘डिझाइन मोकली छे, जो,’ ते म्हणाले, म्हणजे पाठवलंय, बघ.

पलीकडे त्यानं लिंक उघडली. मग आवाज आला, ‘सेठ, इसमें तो कुछ नहीं है. नॉट फाउंड लिखा है.’

शेठनं स्वतःच्या फोनवर तेच पान खाली ओढून रिफ्रेश केलं. साडी गायब. तिथेही नॉट फाउंड. ‘बेन, आ तो खूलतुं नथी,’ ते तिला म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. आम्ही सगळे इतके दिवस पहिल्या पानावरूनच आत शिरत होतो. पहिलं पान, मग यादी, मग साडी. कुणी बाहेरून थेट साडीवर आलंच नव्हतं. मार्केटात जन्म काढलेल्या शेठला पहिल्या पानाशी देणंघेणं नव्हतं, आणि आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. ‘ताई,’ ती कुजबुजली, ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं गं.’

खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटत होत्या. वरून चिंतेचा चेहरा करून बसले होते तेवढंच.

सर आता माझ्याकडे वळले. सर्व्हर माझा ना! मी लॅपटॉप मांडीवर घेतला. खरं तर चूप बसून दोन मिनिटांत करता आलं असतं. पण एवढी संधी मी सोडते होय! शेठ ऐकतील, सर ऐकतील, बाजूला साड्यांच्या घड्या घालणारे ऐकतील अशा आवाजात मी तिला शिकवायला लागले.

‘नीट ऐक. साडीचा पत्ता तुझ्या ॲपला माहीत आहे, सर्व्हरला नाही. सर्व्हरवर तसं पानच नाही. आतल्या आत फिरलीस तर सर्व्हरला कुणी विचारतच नाही, म्हणून चालतं. थेट लिंक उघडली, नाहीतर रिफ्रेश केलं, की मागणी आधी सर्व्हरकडे जाते आणि तो नाही म्हणतो. तुझ्या लॅपटॉपवरचं ॲप बनवायचं साधन तुला न सांगता ते सांभाळून घेत होतं. घी देखा, बडगा नहीं देखा, असं झालं तुझं.’

ती मान हलवत होती.

‘सर्व्हर म्हणजे या मार्केटच्या गेटवरचा वॉचमन धर. त्याला सांगायचं, कुणी कुठल्याही साडीचं नाव घेऊन आलं तरी हाकलू नकोस, सगळ्यांना आपल्या एकाच दारानं आत सोड. आत कुणाला कुठे न्यायचं ते तुझं ॲप पत्ता बघून ठरवेल. पण मग खरंच चुकीचा पत्ता घेऊन आलेलाही आत येणार. त्याला वॉचमन आता अडवणार नाही. म्हणून ‘असं डिझाइन नाही’ हे सांगणारं पान तुला ॲपमधेच करावं लागेल. आलं लक्षात?’

‘आलं ताई.’ 

मी सर्व्हरवर तेवढं लिहून टाकलं. शेठनं नागपूरला परत फोन लावला. ‘हां सेठ, दिख गया. लेसवाली. अच्छी है.’ शेठनं माझ्यासमोर चहाचा कप सरकवला. तिच्यासमोर नाही, माझ्यासमोर. तसा चहा मी पुन्हा कधी प्यायले नाही.

दिवाळीनंतर सरांनी मला लीड केलं. सगळ्यांसमोर सांगितलं. तिनंच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या, आणि त्याचाही मला संशयच आला.

त्या संध्याकाळी ती ऑफिसातून लवकर निघाली होती. मी मोठ्या तोऱ्यात एकटीच रिक्षातून उतरले आणि घरात शिरले तर पेढ्यांचा बॉक्स उघडलेला. माझी बातमी माझ्या आधी पोचली, असं वाटून मी अगदी फुलून गेले. मायनं पेढा माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, ‘पोरगीले पुनाले नोकरी लागनी व!’

मोठी कंपनी. मुलाखत व्हिडिओवर झाली होती, मागच्याच आठवड्यात, आमच्याच घरातल्या आतल्या खोलीत. मी तेव्हा बाहेर भांडी घासत असणार.

‘काय विचारलं गं?’ मी पेढा गिळून म्हटलं.

‘तेच गं ताई! आतल्या पानाची लिंक थेट उघडली तर सर्व्हर नाही का म्हणतो. मी तू सांगितलेलं सगळं सांगितलं, वॉचमनसकट. मग म्हणाले, पण खरंच चुकीचा पत्ता आला तर? तेही तू सांगितलंच होतं. खूप हसले ते. इतकं सोपं करून कुणी सांगत नाही म्हणाले.’

‘मी सांगितलं होतं, हे सांगितलंस?’

‘ते कशाला? ते थोडेच तुला ओळखतात,’ ती म्हणाली. मनात काही नव्हतं तिच्या. ते तिच्या तोंडावर दिसतच होतं, आणि त्यानं तर मी आणखीच जळाले. माझ्या लीड होण्याचं मी बोलायला तोंड उघडलं, तर वडील गावाकडे मामाला फोन लावत होते.

मी तिच्या पाठीवर थाप मारली, शाबास म्हणून. जरा जोरात बसली असणार, कारण ती कळवळून म्हणाली, ‘ताई, लागलं ना!’