सार्वकालिक सवड

आमच्या घरमालक काकांइतका सावकाश माणूस अख्ख्या इंदुरात दुसरा नाही. माळव्यात कुठे असलाच, तर तो अजून घरातून निघालेला नाही. मी नोकरीनिमित्त साताऱ्याहून इथल्या कॉलेजात आले आणि सुदामा नगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले, त्याला आता नऊ वर्षं झाली. काकांचे वडील नगरकडचे ख्रिस्ती, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इकडे आले. काकांनीही जन्मभर दवाखान्यातच एक्स-रे काढले. पेशंटला ‘सांस रोको’ म्हणून सांगायचे आणि मग निवांतपणे बटणाकडे वळायचे, अशी त्यांची ख्याती. बडा गणपतीच्या चौकात ते स्कूटर थांबवून रिक्षा, हातगाड्या, गायी, सगळ्यांना “निकलो भिया, निकलो” म्हणत पुढे काढून देतात आणि मागे हॉर्नचा बँड वाजत राहतो. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: “बेटा, मला सार्वकालिक जीवनाचं वचन आहे. जल्दी कशाची?”

हे ते थट्टेने म्हणत नाहीत. बाहत्तराव्या वर्षी त्यांनी अंगणात खिरणीचं रोप लावलं. खिरणीला फळ धरायला पुष्कळ वर्षं लागतात असं मी बोलून दाखवलं, तर म्हणाले, “लागू दे ना. मी नाही खाल्लं तर पोपट खातील. माझी तिकडे सोय आहे.” पंच्याहत्तरीला व्हायोलिन हातात घेतलं. गेली तीन वर्षं आम्ही वर बसून एकच सरगम ऐकतो आहोत आणि तीही पंचमाच्या पुढे जायला तयार नाही. “इथे फक्त हात बसू दे. गाणं तिकडे वाजवू. काकू ऐकेल.” काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या. पण काका त्यांच्याबद्दल असे बोलतात, जणू त्या माहेरी गेल्यात आणि यांचं तिकीट तेवढं व्हायचं बाकी आहे.

घाई करतात ती फक्त भांडण मिटवायची. दिवेलागणीच्या आत समेट झालाच पाहिजे, हा त्यांच्या घरचा जुना नियम. “तिकडे सोबत राहायचंय, पुष्कळ दिवस. तोंड फुगवून कसं चालेल?” एकदा गव्हात किडे निघाले म्हणून देपालपूरच्या दुकानदाराशी ते फोनवर जरा चढ्या आवाजात बोलले आणि दुपारच्याच बसने माफी मागायला निघाले. तो बिचारा हात जोडून म्हणत राहिला, “बाबूजी, गलती तो मेरी थी.” काका त्याच्याकडे चहा पिऊन, त्याच्या नातवंडांची नावं विचारून आले. पोतं बदलून आणायचं मात्र विसरले.

अशा माणसाशी गेल्या मार्चमध्ये मी भांडले. लेकीचा बोर्डाचा पेपर, फाटकात काकांची स्कूटर आडवी, आणि काका फडक्याने सीट पुसताहेत. दोनदा सांगितलं. “हो बेटा, काढतो. अजून टाइम आहे.” माझं डोकं फिरलं. म्हटलं, “टाइम तुमच्याकडे असेल. आणि सारखं तिकडे तिकडे काय लावलंय? तिकडे कुणी तुमची वाट बघत बसलेलं नाही.”

काकांचा हात थांबला. त्यांनी स्कूटर बाजूला घेतली, तीही झटकन. लेक वेळेवर पोचली. मी दिवसभर कॉलेजात मुलांवर खेकसत होते.

संध्याकाळी मी घंटीची वाट पाहिली. दिवे लागले, कुकर झाला, काका आले नाहीत. या वेळी आपण त्यांना फार दुखावलंय हे कळत होतं, पण आपणच चार पायऱ्या उतरून जावं एवढं मन मोठं झालं नाही. सकाळी गेले तर दाराला कुलूप. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “अगं, काल दुपारीच छातीत दुखायला लागलं ना त्यांच्या. आमच्या ह्यांनी दवाखान्यात नेलं.” रिक्षात बसून मी माझ्या देवाला आणि त्यांच्याही देवाला एकच विनवत होते, माझं ते वाक्य त्यांच्या कानावरचं माझं शेवटचं वाक्य ठरू देऊ नका.

काका जागे होते. स्टेंट टाकून झाला होता. धोका टळलाय असं सिस्टरने सांगितलं.

“काका, मी काल जे बोलले...”

“बोललीस खरी. मलाही वाटून गेलं, समजा नसेलच कुणी तर? डर वाटला, खोटं कशाला बोलू. मग कळ आली, जोरात. आणि तुझी काकूच आठवली. ती मला दारातून वापस पाठवेल. म्हणेल, भाडेकरू रुसलीय, तिला न समजावता आलातच कसे? म्हटलं, आज जाणं जमणार नाही.”

मी हसले आणि लगेच रडले. सिस्टरने मला बाहेर काढलं.

चौथ्या दिवशी काका घरी आले. फाटकापासून दारापर्यंत यायला त्यांना दहा मिनिटं लागली आणि आम्ही कुणी एका शब्दाने घाई केली नाही. सार्वकालिक जीवनाबद्दल मला काही ठाऊक नाही. आमच्या घरात असं बोलणं कधी नव्हतं. पण ते असावं, असं हल्ली मनापासून वाटतं. काकूंना मी तीन वर्षं जवळून पाहिलंय. त्या वाट बघत असतील. अजून थोडी बघू देत.