बोट ठेवायला जागा

ठकीच्या बोटांची काळजी माझ्या मनातून जात नाही. मुलगी तिशी ओलांडलेली, तिचं स्वतःचं घर, नवरा, सगळं नीट चाललेलं. आणि मी मात्र अंथरुणावर पडल्या पडल्या तिची बोटं मोजत असते. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी एका जागी बसून राहायची, म्हणून ठकी. मोठेपणी ती खरोखरच लाकडाच्या नादी लागेल असं तेव्हा कुणाला वाटलं होतं?

तिचं मूळ काम दातांचं. डॉक्टरांना कवळ्या करून देणाऱ्या एका लॅबमध्ये ती बरीच वर्षं होती. लॅब बंद पडली तेव्हा तिने दुसरी शोधली नाही. घरामागच्या खोलीतली स्कूटर बाहेर काढली आणि तिथे फळ्या आणून टाकल्या.

जावई म्हणाले, "स्कूटर भिजली तर गंजेल. पण ही रुसली तर काय करू? ताडपत्री आणतो."

माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, मात्र हे अजिबात पटलं नाही. ताईला कुठल्याही गोष्टीत बोट ठेवायला जागा दारातूनच दिसते. "कवळ्या सोडून कपाटं? बरं. पोरीची बोटं आत्ताच मोजून ठेव, नंतर हिशेब लागायचा नाही."

ते वाक्य डोक्यात रुतून बसलं. त्यात एकदा मी न कळवता ठकीकडे गेले. ही बाई दोन प्लॅस्टिकच्या स्टुलांवर फळी आडवी टाकून, गुडघ्याने दाबून, हातातल्या विजेच्या कटरने कापत होती. एक स्टूल डुगडुगत होतं. मी दारातच थिजले. हाक मारायचीही सोय नाही, दचकली तर? आवाज थांबला तेव्हा तिने मान वर केली.

"आई, तू अशी पांढरी का पडलीस?"

"काय कापत होतीस?"

"फळी."

"आणि गुडघा कधी कापणार आहेस?"

ती हसली, पण तिलाही कळत होतं. लहान मुलांच्या वाचनालयाची भिंतभर शेल्फं करायचं काम तिला मिळालं होतं. तिचं पहिलं मोठं काम. स्टुलांवर कापलेल्या कडा सरळ येत नव्हत्या, दोन फळ्या जोडल्या की मधून उजेड दिसायचा. टेबल सॉ घेतल्याशिवाय ते काम होणार नव्हतं. टेबल सॉ म्हणजे लोखंडी टेबल, त्याच्या फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं, आणि फळी आपण हाताने त्याच्याकडे ढकलायची. बरं, चांगला नवा तिला परवडत नव्हता, आणि जो परवडत होता तो चांगला असेल याची खात्री नव्हती.

"घे," मी म्हटलं. "पण बोट ठेवायला जागा नसेल असाच घे."

"आई, तसं नुसतं म्हणतात."

"म्हणू देत. मी शब्दशः सांगतेय."

आणि शब्दशः बघायला म्हणून मी बरोबर निघाले. तिचे बाबाही आले.

पहिल्या दुकानातला माणूस ठकीला ओलांडून थेट ह्यांच्याशी बोलू लागला. "काका, हा घ्या. घरगुती वापराला एक नंबर. फेन्ससकट आहे."

"कुंपण कशाला?" हे म्हणाले. "घरातच तर ठेवायचाय."

"बाबा, कुंपण नाही. फळी ज्या सरळ पट्टीला टेकवून पुढे सरकवायची, तिला फेन्स म्हणतात," ठकी म्हणाली. मग दुकानदाराकडे वळून, "प्लग काढा जरा."

तिने पर्समधून एक चपटी डबी काढली. आत निळ्या कागदाच्या बारीक पट्ट्या. कवळी बसवताना डॉक्टर दातांमध्ये कागद ठेवून चावायला सांगतात ना, कुठे उंच लागतं ते कळावं म्हणून, तोच हा कागद. तिने पात्याच्या एका दातावर खडूने खूण केली, तो दात पुढे आणला, फेन्स त्याच्या जवळ सरकवून घट्ट केली आणि मधे कागद धरला. कागद अलगद सुटला. मग तोच दात फिरवून मागे नेला. आता कागद अडकला, आणि ओढल्यावर फाटला.

"मागे उंच लागतंय," ती म्हणाली.

"मॅडम, काय लागतंय?"

"चावा. तुमचा सॉ मागच्या दाढेवर चावतोय." फेन्स मागच्या बाजूला पात्याकडे झुकली होती. अशा जागी फळी चिमटली जाते आणि पातं ती उलटी अंगावर भिरकावतं, हे तिने मला घरी गेल्यावर सांगितलं, तिथे सांगितलं असतं तर मी तेव्हाच रिक्षा बोलावली असती. तिने फेन्स सैल करून पुन्हा घट्ट केली. आता ती भलतीकडेच झुकली.

"ही तर दर वेळी वेगळी बसतेय."

"मॅडम, लोक एवढं बघत नाहीत हो."

"लोकांच्या आयांना विचारा," मी म्हटलं, आणि आम्ही बाहेर पडलो.

दुसरा सॉ एका बंद पडलेल्या कारखान्यातला. ओतीव लोखंडाचा, हत्तीएवढा, आणि स्वस्त. हे आयुष्यभर गोदामात नोकरी केलेले, वजन दिसलं की खूश. त्याच्याभोवती प्रदक्षिणाच घालायला लागले. त्याला लागणारी वीज ठकीच्या खोलीत नव्हती, आणि तो दारातून आतही गेला नसता.

"दार मोठं करू," हे म्हणाले.

"बाबा, शेल्फं करायचीत. जहाज नाही."

तिसरा सॉ तसबिरींच्या चौकटी करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे होता. दुकान आवरून तो लेकीकडे राहायला निघाला होता. त्याच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. मी ती बघितली, आणि मी बघितलेलं त्याने बघितलं.

"ह्याच मशीनने," तो म्हणाला. "झाकण आणि पाचर काढून ठेवली होती. कामात आड येतात म्हणून. दुसऱ्या दिवशी दोन्ही बसवली, ती आजतागायत काढलेली नाहीत." पाचर म्हणजे पात्याच्या पाठीशी उभी असलेली पोलादी पट्टी. कापलेली फट ती मिटू देत नाही, म्हणून फळी चिमटत नाही.

मी ठकीचा कोपर ओढला. "चल. ह्याला माणसाची चव लागलीये."

"आई, थांब. आधी चावा बघू दे."

प्लग काढून तिने झाकण वर उचललं. पुढे कागद किंचित घासत सुटला. मागे तसाच, तेवढाच घासत. फेन्स सैल केली, घट्ट केली, पुन्हा तेच. तिने पातं दोन्ही हातांनी धरून हलवून बघितलं, ते जागचं हललं नाही. दात मात्र बोथट झाले होते. पातं नवं घ्यावं लागणार होतं, बाकी कुठे खोट नव्हती. मग झाकण खाली करून तिने माझ्याकडे बघितलं.

"आई, इकडे ये. घाल बोट."

प्लग निघालेला आहे हे मी स्वतः जाऊन बघून आले. मग समोरून बोट नेलं, ते पारदर्शक झाकणावर टेकलं. बाजूने नेलं, तिथेही झाकण. मागून नेलं तर पाचर.

"कुठे घालू?"

"तेच तर."

म्हातारा अर्धी करंगळी नाचवत हसला. "वहिनी, बोट ठेवायला जागा नाही." आणि फळी ढकलायची लाकडी काठी त्याने ठकीच्या हातात दिली. "हात इथवरच. पुढे काठी."

भाव ठरताना ठकी नुसती बोथट पात्याकडे बघत राहिली. म्हाताऱ्याने आपणहून आकडा खाली आणला, आणि तो तिला परवडला.

सॉ बसवला त्या दिवशी मी तिथे होते. नवं पातं, झाकण खाली, हातात काठी. दोन फळ्या कापून तिने कडेला कड लावली आणि खिडकीसमोर धरली. मधून उजेड आला नाही. तिने निळा कागद काढला, तोही त्या फटीत शिरेना. फट होतीच कुठे? ठकी मोठ्याने हसली. लॅब बंद झाल्यापासून तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. हे खिडकीशी जाऊन उगाच नाक शिंकरत बसले.

तरी मी एक अट घातलीच. रोज काम संपलं की दोन्ही पंजांचा फोटो पाठवायचा. ती पाठवते. कधी भुशाने माखलेले, कधी डिंकाने चिकट, कधी अंगठा मुद्दाम दुमडून, माझा जीव खालीवर करायला. काळजी काही त्याने जात नाही, पण झोप लागते.

आजच्या फोटोत पंजे आहेत, पण त्यांच्यामागे अख्खी भिंत आहे. वाचनालयाची शेल्फं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुस्तकांनी भरलेली. खालच्या खणात एक मूल चक्क आत शिरून वाचत बसलंय. सवयीने मी आधी बोटं मोजली. दहा. मग फोटो मोठा करून शेल्फांचा एकेक सांधा बघितला, ताई बघेल तसा. कुठेही रेघभर उजेड नाही. खाली ठकीने लिहिलंय, "वाचनालयवाल्या बाईंनी दुसऱ्या खोलीचंही काम दिलं. झोप आता."

झोप कसली. फोटो मी ताईला आत्ताच पाठवला. ती झोपली असेल, या वेळी फोन करतात का म्हणून कुरकुरेल. कुरकुरू दे. मी तिला फोन करणार आहे आणि सांगणार आहे, चष्मा लाव, नीट बघ, आणि आता ठेव कुठे बोट ठेवतेस ते.