बाहेरगावी जाणाऱ्यांची वही

आजही कुणी छाती फुगवून ‘आमच्या भागात चोऱ्याच होत नाहीत’ म्हणालं, की मला ती कॉलनी आठवते. दहा-बारा वर्षं झाली. नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो, आणि हे वाक्य त्या काळात मीच सगळ्यांना ऐकवत असे.

दिवस मात्र चांगले होते. सकाळची हजेरी आटोपली की आवारातल्या कडुनिंबाखाली चहा व्हायचा. आमचे ठाणे अंमलदार म्हणजे एक जुने हवालदार. ते चिवड्याची पुडी सोडायचे आणि मग रजा, बदली, गुडघेदुखी अशा सगळ्यांच्या कुरकुरी सुरू व्हायच्या. आता घरी चहा वेळेवर मिळतो, पण कुरकुर करायला कुणी नाही. खोटं कशाला बोलू, त्याची फार आठवण येते.

त्या कॉलनीत मी स्वतः एक योजना चालू केली होती. तिथल्या वाचनालयात एक वही ठेवली. बाहेरगावी जाणाऱ्याने तिच्यात नाव, घर आणि परतायचा दिवस लिहायचा. आमचा शिपाई वही बघून त्या घरावरून फेरी मारणार. कॉलनीने शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. वर्षभरात तिथला एकही गुन्हा ठाण्यात दाखल नव्हता.

अशात एक गृहस्थ तणतणत ठाण्यात आले. चार दिवस येवल्याला लग्नाला गेले होते. परत येऊन बघतात तर कपाटातलं गंठण आणि पाटल्या गायब, कुलूप मात्र शाबूत. “चावी आमच्याजवळच होती,” ते ठासून म्हणाले. “मोलकरणीनेच डुप्लिकेट केली असणार.” सोनं गेलं होतं, त्यामुळे गुन्हा दाखल करावाच लागला. दुपारी ठाण्यात एक निनावी फोनही आला : धुण्याभांड्याच्या बाईला धरा, सगळं बाहेर येईल. कुलूप न तोडता चोरी झाली की पोलिसाचं बोट आधी मोलकरणीकडेच जातं. माझंही गेलं.

महिला शिपाई तिला कामावरूनच घेऊन आली. पन्नाशीची, पेठ तालुक्याकडची बाई. विधवा होती, आणि कॉलनीतल्या अकरा घरांच्या कामावर तिची चूल पेटायची. सगळ्या गॅलऱ्यांनी तिला पोलिसांबरोबर जाताना पाहिलं. संध्याकाळच्या आत अकराच्या अकरा घरांनी ‘उद्यापासून येऊ नको’ असा निरोप धाडला.

“चावी कुठून केलीस?” मी दरडावलं.

“करायला कशाला पायजे, साहेब? मीटरच्या पेटीत तर असती,” ती म्हणाली. “समद्यांच्या चाव्या मला म्हाईत हायेत. कुणाची कुंडीखाली, कुणाची चपलांच्या कपाटात. चोरायचं असतं तर पंधरा वर्सं वाट कशाला बघितली असती?”

म्हणजे फिर्यादी गृहस्थ आपला निष्काळजीपणा झाकायला खोटं बोलले होते. ती बोलतच होती.

“आन् ही काय पयली चोरी हाय व्हय? लय झाल्यात. कोपऱ्यावरच्या आजींच्या चांदीच्या वाट्या, मास्तरांचा कॅमेरा...” तिने बोटांवर सात चोऱ्या मोजल्या.

ठाणे अंमलदार उठले आणि कपाटातून अर्जांची फाईल घेऊन आले. सातही अर्ज तिच्यात होते. प्रत्येकावर ‘दप्तरी दाखल’, म्हणजे तपास न करता बंद, असा शेरा, खाली माझी सही. दर महिन्याच्या बैठकीत वरिष्ठ आकडा विचारायचे, आणि आकडा लहान दिसावा म्हणून किरकोळ चोरीला गुन्हा दाखल न करता नुसता अर्ज घ्यायची खोड मलाही लागली होती. सात अर्ज सात वेगवेगळ्या दिवशी आले. ते एकत्र ठेवून कुणी वाचलेच नाहीत.

“या सात घरांत सारखं काय आहे?” मी विचारलं.

“त्या समद्यांनी, येवल्याला गेलेल्यांनी बी, तुमच्या वहीत लिवलं हुतं. वाचनालय मीच झाडते, समदे माझ्यासमोर येऊन लिवत्यात. तिसऱ्या गल्लीतली बाई म्हैनाभर लेकीकडं ऱ्हायली, तिनं नाय लिवलं. तिचं काडीभर हाललं नाय.”

चोराला घरांचे पत्ते मीच पुरवत होतो.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी माझ्या सांगण्यावरून वहीत नाव लिहिलं, चावी मीटरच्या पेटीत ठेवली आणि ते नातेवाइकांकडे गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात दोन साध्या वेशातले शिपाई बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला कुलूप उघडलं. आत आला तो कॉलनीतलाच एक भाडेकरू. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. सिन्नरच्या कारखान्यातली त्याची नोकरी वर्षापूर्वी सुटली होती. तरी तो रोज वेळेवर डबा घेऊन निघायचा आणि दिवसभर वाचनालयात पेपर वाचत बसायचा. वहीत नाव दिसलं की त्या दाराजवळ चावी हुडकायचा. निनावी फोनही त्याचाच होता. चौकशीत त्याने पहिली विनंती केली ती ही : “साहेब, घरी सांगू नका. नोकरी आहे असंच त्यांना वाटतंय.” मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून पंचनामा थांबत नाही.

सातही अर्जांचे गुन्हे मी दाखल केले. त्या महिन्यात आमच्या ठाण्याचा आकडा एकदम वर गेला, वरिष्ठांनी लेखी खुलासा मागवला आणि मी खरं ते लिहून दिलं. तेव्हापासून कमी आकडा दिसला की मी खूश होत नसे, आधी अर्जांची फाईल मागवत असे. आता निवृत्त झालो तरी तरुण अधिकाऱ्यांना हेच सांगतो.

पण माझा धडा तेवढ्यावर संपला नाही. आठवड्याने ती बाई ठाण्याच्या दारात उभी राहिली.

“चोर घावला, पर मला कामावर कुणी घेईना. पोलिसांनी नेलेली बाई म्हंत्यात. मी चोर नाय असा कागद द्या.”

असा कागद देण्याची पद्धत आमच्या खात्यात नाही. आरोप ठेवायला छापील नमुने आहेत, पुसायला एकही नाही. मी टोपी चढवली आणि तिच्यासोबत निघालो. एकेका दाराची बेल दाबून मी सांगायचो, “चोर सापडला आहे. यांचा काडीचाही संबंध नव्हता.” सातवं दार त्या फिर्यादी गृहस्थांचं होतं. त्यांच्या पत्नी घाईघाईने म्हणाल्या, “झालं गेलं विसरा हो मावशी, उद्यापासून या.”

“तुमचं घर सोडलं, बाई. बाकीची धरते,” ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.

मधल्या वळणावर मी तिला थांबवलं. “चुकलो, बाई. माझं चुकलं.” हा शब्द मी शेकडो लोकांकडून वदवून घेतला होता, पण वर्दीत असताना स्वतः कधी उच्चारला नव्हता.

तिने पदर खोचला.

“आजून चार दारं ऱ्हायलीत, साहेब. चला.”