पोळ्याची हळद

दुष्काळाच्या त्या वर्षी आमची बैलजोडी सहकारी साखर कारखान्याच्या चारा छावणीत होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी पुण्याहून आलो, तेव्हा माझे वडील, आबा, तिथंच बैलांची खांदेमळणी करत होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची, ही आमची रीत. तूप चमचाभरच होतं. आबा ते बोटानं पुरवून पुरवून लावत होते.

माझी नोकरी प्रयोगशाळेत. उंदरांना कॅन्सरची गाठ करायची, तिच्यावर नव्या तऱ्हेचे किरण सोडायचे, गाठ जिरते का बघायचं. माझी आई कॅन्सरमधून किरणांच्या शेकानंच वाचली होती, म्हणून आबांना माझ्या कामाचं लई कौतुक.

"मंग बरी झालेली उंदरं कुठं सोडता?" त्यांनी विचारलं.

"शेतात," मी म्हणालो.

खरं तर बरे झालेलेही आम्ही मारतो. आतून कितपत बरे झाले, ते कापल्याशिवाय कळत नाही. एवढं सांगितलं असतं तर माझी जीभ झडली नसती.

आबांनी उरलेली हळद कागदात बांधून दिली. "त्येंच्या बी खांद्याला लाव. तुझ्या मायचं वझं त्येंनीच वाह्यलं."

पोळा झाल्यावर मी पुण्याला परतलो. प्रयोगशाळेत बाहेरचं काही न्यायला बंदी. पुडी मी फाटकाजवळच्या कचऱ्यात टाकली आणि आत जाऊन बरे झालेले सहा उंदीर कापले.

दुपारी आबांचा फोन आला. "लावली का रं हळद?"

"लावली."

"गप ऱ्हायले का?"

"हो आबा," मी म्हणालो, "एकदम गप."