मुठीवरचा लाल दोरा

माझी मुलगी कॅनडात एकटी राहते. तिच्या घरासमोरचा बर्फ काढायला तिच्याकडे एक यंत्र आहे, मागून चालत ढकलायचं. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा ह्यांनी त्या यंत्राचा ताबाच घेतला. हे खडकीच्या कारखान्यात आयुष्यभर यंत्रांची देखभाल करत आलेले. खालची पट्टी जमिनीला घासू नये म्हणून पुठ्ठा सरकवून उंची लावली, पट्टा ताणला, केबलची ढील बघितली. मुलीला समोर उभं करून शिकवलं. मुठीवरची लिव्हर दाबली की आतली पाती फिरतात, सोडली की थांबतात. "हात सोडल्यावर थांबत नसेल, तर त्याला हात लावायचा नाही," एवढं एकच त्यांनी दोनदा सांगितलं.

उन्हाळ्यात पुण्याच्या घरी तिच्याशी व्हिडिओवर बोलता बोलता ते गेले. फोन हातातून पडला आणि बंद झाला. तेव्हापासून आमच्यात एक न ठरवलेला नियम आहे. "ठेवते" म्हटल्याशिवाय कोणी फोन ठेवत नाही.

वर्ष व्हायचं होतं, त्यामुळे सण करायचे नव्हते. तरी खंडेनवमीला तिने त्या यंत्राला हळदकुंकू लावलं. बाबा कारखान्यात करायचे तसं. मुठीला लाल दोराही बांधला. फोटो बघून मला भरून आलं. दोरा मुठीबरोबर लिव्हरलाही वेढून गेला आहे हे मला दिसलं नाही.

परवा संध्याकाळी, तिच्याकडे सकाळ असताना, तिने फोन खिडकीत टेकवून ठेवला आणि यंत्र सुरू केलं. या मोसमात उंची, पट्टा, केबल सगळं तिने एकटीने लावलं होतं, ते मला दाखवायचं होतं. थोड्या वेळाने बर्फ बाहेर फेकणारं नळकांडं तुंबलं. तिने लिव्हर सोडली आणि पुढे आली. इंजिन चालूच होतं. थंडीत परत सुरू होत नाही म्हणून ती बंद करत नाही. तुंबलेलं मोकळं करायची काठी बाजूलाच अडकवलेली होती. पण तिने हातमोजा घातलेला हातच पुढे केला.

मी पडद्यावर तिच्या मागे, मुठीकडे बघितलं. लिव्हर वर आली नव्हती. भिजलेला दोरा गोठून आवळला होता आणि त्याने ती दाबून धरली होती. पाती थांबली नव्हती, बर्फात अडली होती फक्त; बर्फ सुटताच फिरली असती.

मी ओरडले. वाचनालयात नोकरी केलेल्या बाईचं ओरडणं ते, इंजिनाच्या आवाजात काय ऐकू जाणार. तिने पडद्याकडे बघितलं, हसली, आणि 'थांब गं' असा पंजा दाखवला. माझ्या सूचनांची तिला सवय आहे. मग परत वाकली.

मी फोन कापला.

पडदा काळा झाला आणि मला कळलं की आता मला काहीच दिसणार नाही. ती खिडकीकडे बघेल का, की आधी हात घालेल? मी परत फोन लावला नाही; घाबरून तिनेच हातातलं टाकून फोनकडे यायला हवं होतं. मी ह्यांच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. शेजारी कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता.

फोन वाजला.

"आई, काय झालं? तू बरी आहेस ना?" तिला धाप लागली होती.

"मी बरी आहे. मागून जा, किल्ली काढ. मग लिव्हर बघ."

इंजिनाचा आवाज थांबला. मग कात्रीचा आवाज आला, आणि लिव्हर खटकन वर आल्याचा.

"बाबांनी दोरा कुठे बांधला असता?" तिने विचारलं.

"चौकटीला. हलणाऱ्या भागाला कधीच नाही."

"पुन्हा असा फोन कापू नकोस, आई. मला वाटलं, तू पण."

मी म्हटलं, "हात दाखव."

तिने हातमोजे काढले आणि दोन्ही हात पडद्यासमोर धरले. थंडीने लाल झाले होते. ती खाली घेईना आणि मीही घे म्हणेना.